पल्लवीची तिसरी ओळ

बसा, समदे बसा. मागच्या बायांनो, वाचनालयाच्या पायरीपतुर पुढं सरका, जागा हाय. आपण उन्हात उभं ऱ्हायलो म्हणून गेलेलं माणूस परत येत न्हाय.

मला बोलायची सवय न्हाय असं म्हणले तर तुमी हसताल. माझ्या तोंडातून ह्या गावात कोण सुटलंय? पर आज तोंड उघडंना. सकाळधरनं तीनदा उठले आन तीनदा बसले. गुरुजी म्हणले, "सोजरबाई, तुमी दोन शब्द बोला, मग आपण शांत उभं राहू." गुरुजी, दोन शब्दांत माझं भागणार न्हाय. तुमाला थांबावं लागंल. उद्या धाराशिवहून तो कंप्युटरवाला येणार हाय, वाचनालयाच्या मशीनमधलं समदं पुसून टाकायला. तो यायच्या आत मला बोलू द्या.

पाव्हणे बाहेरगावचे आलेत, त्यांच्यासाठी सांगते. पल्लवी माझी नातसून. माझ्या गणेशची बायको. चार वर्सं झाली लग्नाला, आन महिना झाला ती जाऊन. ताप आला, चार दिवसांत नेली. मरणात सांगण्यासारखं काय नसतं. सांगायचं हाय ते त्याच्या नंतरचं हाय.

ती आली तवा मला आवडली न्हवती. उगं मेल्यावर चांगलं बोलायचं म्हणून बोलणार न्हाय. भाकरी जाड करायची. गुरांना भ्यायची. धाराशिवात वाढलेली, कालेजात कंप्युटर शिकलेली. आठ दिवस झाले न्हाईत लग्नाला तर मला इचारती, "आजी, वाचनालयातला कंप्युटर झाकून का ठेवलाय?"

म्या म्हणलं, "त्याला दसऱ्याला हळदकुकू लावतेत. बाकी वर्सभर त्याला काम न्हाय."

"मग मी चालू करू का?"

"तू आधी भाकरी नीट कर."

भाकरी काय तिनं नीट केली न्हाय. मशीन मातर चालू केलं.

आता ते मशीन समद्यांनी बघितलंय, पर त्याच्या पोटात काय हाय ते तुमाला ठाव न्हाय. मला हाय. मी दुसरीतनं शाळा सोडलेली बाई, मला ठाव हाय, कारण ती पोरगी रोज सकाळी माझं डोकं खायची. जुनं मशीन. त्याच्यात जुनी सिस्टीम. वाचनालयाचा छपाईचा डबा बी जुना, तो त्या जुन्या सिस्टीमबिगर चालत न्हाय. म्हणून ती काढता येईना. पर गावातल्या पोरींना कंप्युटर शिकवायला नवी पायजे, हलकी, जुन्या मशीनला झेपंल अशी. आन तिसरी तिची तिला पायजे, करून बघायला. म्हणायची, "नवीन काय बी असलं की आधी तिसरीत करून बघते, मोडलं तर माझं मोडंल. पोरींचं मोडायला नको."

म्या म्हणलं, "एका डब्यात तीन कसं घालतीस?"

तर म्हणती, "आजी, आपल्या रानाचे तीन वाटे केले ना तुमी? मधी बांध घातले ना? तसंच. जमीन एकच, वाटे तीन."

"आन पाणी?"

"पाण्याला एक माणूस लागतो. दारं धरणारा. मशीन चालू झालं की पहिल्यांदा तो उठतो. पाणी कोणच्या वाट्यात सोडायचं ते तो इचारतो. मग तिकडं दारं मोडतो."

त्या दारं धरणाऱ्याचं नाव ती बूटलोडर म्हणायची. म्या म्हणलं, बूट बाहेर काढून ये म्हणावं त्याला. लई हसली. हसायला तिला काय बी पुरायचं.

पर सोपं न्हवतं ते. एकदा कोण एक जण तालुक्यावरून जुनी सिस्टीम नीट करायला आला. नीट करून गेला, आन दुसऱ्या दिवशी बघतो तर पडद्यावर तीन वाट्यांच्या तीन ओळी यायच्या त्या गायब. मशीन इचारतच न्हाय. सरळ जुन्यातच घुसतंय. पोरींचा वाटा जाग्यावर, तिचा वाटा जाग्यावर, पर तिकडं जायची वाट बंद. पल्लवीनं दोन दिवस डोकं फोडलं. म्या म्हणलं, "ह्याच्यात काय नवल? थोरला भाऊ असाच असतो. परत आला की समदं पाणी आपल्याकडं वळवतो." ती म्हणली, "आजी, अगदी तसंच झालंय!" मग एका पेनड्राइवावरून मशीन उठवलं, आत गेली, दारं धरणाऱ्याला परत बांधावर आणून बसवलं. तवा मला पहिल्यांदा वाटलं, पोरगी कामाची हाय. भाकरी जाड असली म्हणून काय झालं.

नावं मी ठेवली. हे कुणाला ठाव न्हाय. मशीन चालू झालं की काळा पडदा येतो, पांढऱ्या अक्षरात तीन ओळी येतेत. तिथं मराठी लिहिलं की काना-मात्रा इकडं तिकडं पळायची, जोडाक्षर फुटायचं. ती म्हणली, "आजी, काना न्हाय, मात्रा न्हाय, असे तीन शब्द सांगा. तुमी दुसरीपतुर शिकलाव, तुमाला तेवढेच येतेत." बघा हिचं तोंड! म्या म्हणलं, कमळ. ती म्हणली, "नको, वाचनालयात भांडणं लागतील." मग म्या सांगितलं. जुन्याचं नाव दगड, कारण हलता हलत न्हाय. पोरींच्याचं नाव बदक. आन तिच्याचं नाव घर.

दगड, बदक, घर. ह्या तीन ओळी. खाली आकडा उलटा पळतो, धा पासनं. त्या आत बाणाचं बटन दाबून पायजे ती ओळ धरायची. कुणीच हात लावला न्हाय, तर? नीट ऐका, माझं समदं ह्याच्यावर हाय. कुणीच हात लावला न्हाय तर शेवटी जे उघडलं व्हतं तेच परत उघडतं. तशी तिनंच बसवली व्हती ती गोष्ट. वाचनालय गुरुजींकडं, त्यांनी सांजच्याला दगड उघडला असला तर सकाळी आपसूक दगडच उघडायचा. गुरुजींना हे ठाव व्हतं. मला बी ठाव व्हतं.

रोज सकाळी धारा काढून झाल्या की ती मला वाचनालयात घेऊन बसायची. मशीनच्या त्या घरमधी शिकवायची. म्हणायची, "तुमाला जमलं तर कुणाला बी जमंल." मला डोळ्याला दिसायचं न्हाय, आन मी चष्मा लावायची न्हाय. म्हातारी दिसते. तर तिनं काय केलं, स्वतःचा आवाज भरून ठेवला. घर उघडलं की ती बोलायची, मशीनमधनं. "आजी, चष्मा घाला."

येवढंच. रोज. ती शेजारी बसलेली असायची, आन मशीन बी बोलायचं. मी शिव्या द्यायची.

सात पोरी यायला लागल्या व्हत्या तिच्याकडं. शबाना त्यांच्यात थोरली, दहावी झालेली. बाकी तिच्या मागच्या. त्या पोरींना दिवाळीनंतर कंप्युटरच्या परीक्षेला बसवायचं व्हतं. गावात काय काय बोलत व्हते ते मी इसरले न्हाय. "नवऱ्याला सोडून मशीनपाशी बसती." "पोरी बिघडवती." बोलणारे आज इथं पुढंच बसलेत, हातात फुलं घेऊन. मान खाली घालू नका, कुणाचं नाव घेत न्हाय. माझं बी त्याच्यात नाव येईल.

आता दहाव्याचं.

नदीला पिंड मांडला. कावळे व्हते, समोरच्या लिंबावर पाच-सहा बसलेले. एक बी खाली यीना. अर्धा तास झाला, तास झाला. गणेश पाण्यात उभं ऱ्हाऊन म्हणला, तुझ्या आईला अंतर देणार न्हाय. न्हाय शिवला. तिची आई म्हणली, लेकरा, आमच्याकडून काय चुकलं असंल तर पोटात घाल. न्हाय शिवला. मग बाया माझ्याकडं बघायला लागल्या. म्हणल्या, "सोजरमाय, तुमी बोला. तिचा जीव तुमच्यात व्हता."

मी पुढं झाले. म्हणले, "पल्लवी, पोरींची शिकवणी बंद पडू देणार न्हाय. हा माझा शब्द."

आन कावळा खाली आला. तुमी समद्यांनी बघितलं. लगीच. आता कावळ्याला तासाभरानं भूक लागली असंल, मी काय सांगू? पर शब्द दिला तो दिला. मेलेल्याला दिलेला शब्द जित्याला दिलेल्यापरीस जड असतो. जिता माणूस माफ तरी करतो.

अकराव्या दिवशी उजाडता उजाडता मी वाचनालयात गेले. पल्लवीकडची किल्ली माझ्याकडंच व्हती. मनात येवढंच व्हतं, की पोरींचं समदं जाग्यावर हाय का ते बघावं. म्हणजे बदक उघडायचं. म्या बटन दाबलं. काळा पडदा आला. तीन ओळी आल्या. बोट बदकावर थांबवायचं व्हतं. थांबलं न्हाय. खाली गेलं.

"आजी, चष्मा घाला."

मंडळी, मी रडणारी बाई न्हाय. नवरा गेला तवा म्या दुसऱ्या दिवशी खुरपं घेतलं व्हतं. त्या दिवशी बी रडले न्हाय. म्या पदराच्या गाठीतनं चष्मा काढला आन घातला. मग मशीन बंद केलं, कुलूप लावलं, घरी येऊन चूल पेटवली.

धा वाजता गुरुजी गेले. त्यांनी आदल्या दिवशी दगड उघडला व्हता, शाळेचे दाखले छापायला. त्यांनी बटन दाबलं आन चष्मा पुसत बसले, दगडच उघडणार म्हणून. उघडलं घर. आन मेलेली बाई बोलली.

गुरुजी पायात चप्पल न घालता रस्त्यावर आले. व्हय का न्हाय, गुरुजी? "काल मी दगड उघडला होता! मी स्वतः बंद करून गेलो! शेवटचं ते उघडतं, तिनंच मला सांगितलं होतं!" अडाणी माणसाला भ्या वाटलं नसतं. त्याला वाटलं असतं, मशीन हाय, काय बी उघडतं. गुरुजी शिकलेले. त्यांना ठाव व्हतं की हे असं व्हायला नको, म्हणून ते जास्त भ्याले.

आन मी तिथंच उभी व्हते. हातात शेणाची पाटी. मला त्या घडीला उमगलं, की सकाळी मी उघडलं म्हणून हे झालं. तोंड उघडायचं आन सांगायचं, "गुरुजी, मी व्हते ओ." येवढंच व्हतं. तोंड उघडलं न्हाय. ह्या तोंडाला नको तवा थांबा म्हणून कुणी सांगितलं, काय ठाव.

पहिल्या दिवशी ती चूक व्हती. दुसऱ्या दिवसापास्नं लबाडी.

रोज उजाडता मी जायची. रोज तिसरी ओळ धरायची. गुरुजी रोज धा वाजता मन घट्ट करून यायचे, दगड उघडायचे, नीट बंद करून जायचे, आन दुसऱ्या दिवशी परत तीच बोलायची. तीन दिवस त्यांनी पारख केली. चौथ्या दिवशी कुलूप लावून टाकलं. पल्लवीकडची किल्ली तिच्यासंगंच गेली असं त्यांना वाटलं.

मग गावाला काय, तोंडाला कामच मिळालं. जीव अडकलाय. कावळा उशिरा शिवला तो ह्याच्यासाठीच. कुणी उंबऱ्यावर लिंबू ठेवलं, कुणी नारळ फोडला. एकीनं दहीभात ठेवला, तो कुत्र्यानं खाल्ला, तर ती सांगत सुटली की पल्लवीनं खाल्ला. पल्लवीला दही आवडत न्हवतं गं बाई! चार वर्सं ती ह्या गावात नांदली, तुमाला येवढं बी ठाव न्हाय?

पोरींच्या आयांनी पोरी घरी बसवल्या. सात पोरी. शिकवणी बंद. नदीत उभं ऱ्हाऊन मी काय बोलले व्हते? आन बंद कुणी पाडली? समद्या गावासमोर शब्द म्या दिला, आन रोज उजाडता कुलूप उघडून तो म्याच मोडला.

का? तुमी इचारताल. म्या बी मला इचारलं.

त्या आवाजात एक गोष्ट हाय, जी तुमी ऐकली न्हाय, कारण तुमी पळालाव. "आजी, चष्मा घाला," असं ती म्हणती, आन तिच्या मागनं, बारीक, अजून एक आवाज येतो. "चालू झालं का गं?" तो माझा हाय. भरताना मी शेजारी व्हते. म्हणजे त्या डब्यात ती एकटी न्हाय, मी बी हाय. तिच्यासंगं बसलेली. मी अजून तिथं बसलीय, आन तिला अजून ताप आलेला न्हाय.

मी मशीनला उत्तर द्यायला लागले. ती म्हणायची चष्मा घाला, मी म्हणायची घातला बाई, पुढं बोल. एक दिवस मी पुढच्या वाक्याची वाट बघत बसले. खरंच बसले. उन्ह दारातनं आत आलं, गोठ्यात गुरं वरडाया लागली, गणेश हाका मारत फिरला. मी हलले न्हाय. मला वाटलं, आता बोलंल. मला भुताचं भ्या कधीच वाटलं न्हाय, पर त्या दिवशी माझंच मला भ्या वाटलं. झपाटलं व्हतं ते वाचनालय न्हवतं, मंडळी. मशीन साधं व्हतं. कुणी नवं निवडत न्हवतं, म्हणून ते गेलेलीलाच उघडत व्हतं. येवढंच त्याला येतं.

तरी बी मी सांगितलं नसतं. खोटं कशाला बोलू? भूत जावं म्हणून मशीन पुसायचं ठरलं तवा बी मी गप ऱ्हायले. पुसलं तर दगड जाईल, घर जाईल, आन पोरींचं बदक बी जाईल, त्यांचे समदे धडे जातील, हे ठाव असून गप ऱ्हायले. म्हणलं, मला मिळत न्हाय तर जाऊ दे समदं.

काल शबाना आली. परसात मी शेंगा निवडत व्हते. ती समोर बसली, दोन शेंगा फोडल्या, आन खाली बघून म्हणली, "आजी, तुमीच उघडताव ना?"

म्या म्हणलं, "काय बोलतीस गं? तुला कुणी शिकवलं?"

"पल्लवीताईनं शिकवलं. मशीनला आपलं मन नसतं. कुणीतरी उघडल्याबिगर शेवटची ओळ बदलत न्हाय. गुरुजींनी दगड उघडला व्हता. मग मधी कुणीतरी उघडलं. किल्ली ताईकडं व्हती. म्हणजे आता तुमच्याकडं."

"ऊठ. नीघ इथनं. माझ्या दारात पाय ठेवू नको."

उठली. ओढणीतल्या शेंगा परत सुपात ठेवल्या तिनं, मोजून ठेवाव्या तशा. दारापाशी गेली आन म्हणली, "मी कुणाला सांगणार न्हाय, आजी. फक्त आमचं पुसू देऊ नका. मला दारं फिरवता येतं. ताईनं मला दाखवलंय, कुणी हात लावला न्हाय तरी कायम बदकच उघडंल असं कसं करायचं. मला धा मिनिटं आत बसू द्या."

गेली. मी शिव्या देत बसले. तासभर दिल्या. मग शिव्या सरल्या.

आवं, समदं गाव भूत म्हणतंय, आन एक पोरगी बसून इचार करती की मशीन असं का वागलं. हे तिला पल्लवीनं दिलं. मी तिसऱ्या ओळीत पल्लवी शोधत व्हते, आन ती माझ्यासमोर बसून शेंगा फोडत व्हती. आन म्या तिला दारातनं हाकलली.

म्हणून आज बोलले. गुरुजी, तुमाला वीस दिवस भ्या घातलं, माझं चुकलं. गणेश, तू रोज तिच्या नावानं दिवा लावून "मुक्त हो" म्हणत व्हतास, आन तुझी आजी तिला रोज सकाळी वढून आणत व्हती. तू मला आज रातच्याला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. पोरींच्या आयांनो, आत काय न्हाय. मी व्हते. शबानाची अम्मी, तू मागं भिंतीला टेकून बसलीयस, मला दिसती. पोरीला धरून ठेवू नको, सोड तिला.

गुरुजी, त्या धाराशिवच्या माणसाला फोन करा. येऊ नको म्हणावं. काय पुसायचं न्हाय. घर ठेवायचं का काढायचं, ते पोरी ठरवतील, मशीन त्यांचं हाय. मला इचारू नका. मला इचारलं तर मी ठेवा म्हणीन.

ही किल्ली. शबाना, पुढं ये. बघू नको माझ्याकडं अशी, घे. जा आत. दार उघडंच ठेव.

आता उभं ऱ्हावा समद्यांनी. गुरुजी घड्याळ बघतेत, बघू नका. ती बाहेर येऊन झालं म्हणंल तवा बसायचं. तवर कुणी खोकायचं न्हाय, कुणी रडायचं न्हाय, लेकरांना कडेवर घ्या. हे गप ऱ्हाणं पल्लवीसाठी न्हाय, तिला आता आपला आवाज जाणार न्हाय. आत एक पोरगी कामाला बसलीय. तिचं ध्यान मोडू नका.